पाणी कुठे जातं, ऑइल कुठे जातं: जुन्या पिकअपचं इंजिन उघडण्याआधी

उन्हाळा लागला की वाचकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला: "गाडी पाणी खाते, खाली थेंबही दिसत नाही. मिस्त्री म्हणतो हेड पॅकिंग गेलं. हेड उघडू का?" दुसरा: "दर फेरीला ऑइल टाकावं लागतं. हाफ इंजिन करू, की एग्मोरला जाऊन जुनं इंजिनच आणून बसवू?"

एग्मोरचं नाव यात येतं ते उगाच नाही. सांगली-सोलापूरकडून द्राक्षं, डाळिंबं भरून चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात जाणारे पिकअपवाले आपल्याकडे कमी नाहीत. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं तर साहुकारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चेन्नईत गाडी बसली की जो तो सांगतो, एग्मोरला जा. म्हणजे एग्मोर स्टेशनजवळच्या, कूवम नदीकाठच्या पुदुपेट्टैला. जुन्या गाड्या सोडवून त्यांचे सुटे भाग विकणारा हा देशातला नावाजलेला बाजार आहे. रेडिएटर, हेड, अख्खं इंजिन, सगळं हाताशी आणि नव्याच्या मानाने स्वस्त. अडचण नेमकी तिथेच आहे. दोष सापडायच्या आधी खरेदी होऊन जाते.

पुढचं सगळं दहा-पंधरा वर्षं राबलेल्या डिझेल पिकअपबद्दल आहे. बोलेरो पिकअप असो, टाटा २०७ असो किंवा छोटा टाटा एस, तपासणीचा क्रम बदलत नाही.

आधी मोजा, मग बोला

"खूप ऑइल खाते" यावरून कुठलाही मिस्त्री काही ठरवू शकत नाही. त्याला आकडा द्या.

- गाडी सपाट जागी, रात्रभर उभी. सकाळी सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा घालून पातळी बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. किलोमीटरचा आकडाही टिपा.
- रेडिएटर थंड असताना कॅप उघडून काठोकाठ भरा. बाजूच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा.
- पाचशे किलोमीटरनंतर तीच जागा, तीच वेळ, तीच तपासणी. वर किती टाकलं ते मापाच्या भांड्याने मोजा.

माझा ढोबळ हिशेब असा: हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल जात असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर टाकत राहा, इंजिन उघडू नका. लिटरच्या पुढे गेलं तर मात्र कारण शोधायलाच हवं. पाण्याला अशी सूट नाही. शीतक यंत्रणा बंद असते, तिच्यातून दर फेरीला पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी जातंयच.

आणि पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तर? ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी उतरलंय. पट्टीचा वास घ्या, डिझेल असेल तर लगेच कळेल. ऑइल पातळ किंवा दुधाळ झालेलं असेल तर गाडी तिथेच थांबवा. बेअरिंग जायला फार किलोमीटर लागत नाहीत.

बाहेरची गळती

निम्म्याहून अधिक वेळा उत्तर इथेच मिळतं. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा. सकाळी डाग कुठे पडला आणि कसला आहे ते बघा. काळा, बोटाला चिकटणारा डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, लाल किंवा निळसर, निसरडा आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. उग्र, गंधकासारखा वास आला तर ते गिअर ऑइल असतं, त्याचा इंजिनशी संबंध नाही.

पाण्यासाठी या जागा क्रमाने बघा:

- रेडिएटर कॅप. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. ०.९ बारचा दाब टिकला तर पाणी शंभरऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. कॅपचं रबर गेलं की हा फायदा जातो, पाणी उकळून बाटलीत जातं आणि तिथून रस्त्यावर. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र उतरलेला दिसला, तर आधी कॅपची आत ओढणारी झडप आणि बाटलीची नळी तपासा. हेडकडे नंतर बघा.
- होज पाइप आणि क्लिपा. काही क्लिपा फक्त थंड असताना गळतात. इंजिन तापलं की रबर फुगून जागा बुजते आणि गॅरेजमध्ये गाडी कोरडी दिसते. म्हणून पहाटे बघा. क्लिपेखाली पांढरट किंवा हिरवट खपली दिसली तर गळती तिथेच आहे.
- वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्यातून बाहेर यावं, बेअरिंगमध्ये जाऊ नये, यासाठी ते ठेवलेलं असतं. तिथून ओघळ आलेला असेल तर वॉटर बॉडी बदला. ते भोक एम-सीलने बुजवणारे कारागीर आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.
- ब्लॉकवरचे गोल पत्र्याचे प्लग. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या इंजिनात हे आतून गंजतात. चेन्नईच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी क्षारांचं आहे, तिथे तर जास्तच.

यातलं काहीच सापडलं नाही तर हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनात कॅपच्या जागी पंप लावून कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी आत जातंय.

ऑइलची गळती वरून खाली येते

इथे फसगत फार होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल टपकलं की मिस्त्री म्हणतो, "मागचं मेन ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण वरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन मागच्या कोपऱ्यातून झिरपलं, की ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बरोबर त्याच जागी टपकतं. पॅकिंग बदलणं काही मिनिटांचं काम, मागचं सील बदलणं जवळजवळ दिवसाचं.

फरक ओळखायचा तर इंजिन डिझेल-ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा. संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवा आणि गाडी वीस मिनिटं चालवून आणा. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ उमटते. तिचं वरचं टोक शोधा, दोष तिथे.

पुढच्या अंगाला क्रँक पुलीच्या मागे ऑइल सर्व बाजूंनी उडालेलं असेल तर पुढचं सील. ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरचं रबर आणि चेंबरच्या बोल्टचा वॉशर हेही बघून घ्या. आणखी एक जागा बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचंच ऑइल जातं. अल्टरनेटर ऑइलने माखलेला, चार्जिंग कमी आणि ब्रेकचं पेडल कडक झालेलं असेल, तर ऑइल तिथून जातंय. हे लांबणीवर टाकू नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

सील बदलण्याआधी ब्रीदर मोकळा आहे ना ते बघा. तो चोंदला की आतला दाब कुठलंही सील टिकू देत नाही. वाचकांची "तीनदा सील बदललं, तरी गळतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते.

आतून जात असेल तर

बाहेर सगळं कोरडं आहे आणि तरी पातळी उतरते. आता सायलेन्सरकडे बघा.

- निळसर धूर: ऑइल जळतंय. फक्त सकाळी सुरू करताना भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीलं किंवा गाइड. चढावर, भरल्या गाडीत सतत येत असेल तर रिंगा. टर्बो असलेल्या गाडीत बराच वेळ मंद चालू ठेवून एकदम रेस दिल्यावर निळा लोट आला तर टर्बोचं सील. टर्बोची नळी काढून आत बोट फिरवा. नुसता तेलकट थर चालतो, साचलेलं ऑइल चालत नाही.
- पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही: पाणी जळतंय. थंडीत सुरुवातीची वाफ यात धरू नका. पांढऱ्या धुराला डिझेलचा उग्र वास असेल तर आधी इंजेक्टर आणि पंपाचं टायमिंग तपासा.
- काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. या लेखाचा विषय नाही.

रिंगांचा संशय असेल तर चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. ते जोरात उडत असेल आणि ब्रीदरमधून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर ज्वलनाचा वायू रिंगांवरून खाली उतरतोय. यावरून अंतिम निर्णय घेऊ नका. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर प्रश्न तिथला आहे. सगळेच सारखे खाली असतील तर इंजिन झिजलंय.

हेड पॅकिंग गेल्याचा पुरावा मागा

"पॅकिंग गेलं" हा निदानाचा शेवट असायला हवा, सुरुवात नव्हे. हेड काढण्याआधी पुढच्यापैकी निदान दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

- थंड इंजिनात कॅप काढून गाडी सुरू केली की रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, न थांबणारे मात्र ज्वलनाच्या वायूचे.
- कॅप लावून थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक. पाणी तापायच्या आधी आलेला दाब पाण्याचा नसतो.
- निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून हवा द्रवातून ओढतात. ज्वलनाचा वायू असेल तर द्रवाचा निळा रंग पालटून हिरवट किंवा पिवळसर होतो.
- ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ. पण नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती दमट हवेची ओल असते. पट्टीवरचं ऑइल बघून ठरवा.

उलट, रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल आणि चेंबरमधलं ऑइल स्वच्छ असेल, तर आधी ऑइल कूलर तपासा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं. कूलरचं काम हेडच्या मानाने किरकोळ आहे.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. सकाळी स्टार्टर मारताच इंजिन "ठक्" करून अडकलं तर पुन्हा मारू नका. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

हे करू नका

- तापलेली कॅप उघडू नका. होज हाताने दाबता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबा. चेन्नईत मे महिन्यातल्या, तिथे कत्तिरी म्हणतात त्या उन्हात याला तासही लागतो.
- गरम इंजिनात गार पाणी ओतू नका. पॅकिंग वाचलं असेल तर हेडला तडा जाईल.
- गळती थांबवायला हळद किंवा पावडरी टाकू नका. मुक्कामाला पोचवतील, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतील.
- "थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला ऐकू नका. गाडी गरम होण्याचं कारण तसंच राहतं, इंजिन मात्र सपाट रस्त्यावर नेहमी गार चालून डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं.
- ऑइल वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्तीचं ऑइल फेसाळून ब्रीदरवाटे हवेच्या नळीत जातं आणि डिझेल इंजिन त्यावर बेफाम सुटू शकतं.
- काढलेलं कूलंट उघड्यावर सोडू नका. चवीला गोड असतं, जनावरं चाटतात आणि मरतात.

पुदुपेट्टैत काय घ्यावं, काय नाही

दोष ठरला, आता खरेदी. जुना भाग सोडवून सोबत न्या आणि त्यावरचा ओतीव क्रमांक दाखवा. तमिळ येत नसलं तरी अडत नाही, फक्त गावाकडच्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉलवर ठेवा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं बसलेली असतात, नुसतं "बोलेरोचं हेड द्या" म्हणून चालत नाही.

जुनं घ्यायला हरकत नाही असे भाग: टॅपेट कव्हर, चेंबर, ब्रॅकेटं आणि समोर प्रेशर टेस्ट करून दिलेला रेडिएटर. हेड घ्यायचंच तर वर्कशॉपमध्ये दाबाची चाचणी आणि सपाटी तपासल्यावरच पैसे द्या. पॅकिंग, सीलं, होज, कॅप, थर्मोस्टॅट आणि वॉटर बॉडी नेहमी नवीच घ्या. नव्या भागांसाठी जनरल पॅटर्स रोडवर दुकानांची रांग आहे. डब्यावरची छापील किंमत आणि कंपनीचं सीलबंद लेबल बघून घ्या.

हेड पुन्हा बसवताना फेसिंग किती केलं ते विचारा. डिझेलमध्ये पॅकिंगची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून निवडतात, हाताला लागेल ते पॅकिंग चालत नाही. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे, हँडबुकातल्या क्रमाने.

अख्खं इंजिन बदलणार असाल तर कागद आधी. इंजिन क्रमांक आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. आधी घेतली नसेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. म्हणून इंजिन क्रमांक लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत घ्या. क्रमांक घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. चोरीचा माल निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तिथेही क्रमांक जुळवतात.

माझं मत विचाराल तर, तुमच्या इंजिनाचा ब्लॉक चांगला असेल तर दुसऱ्याच्या अज्ञात इंजिनापेक्षा स्वतःचं हाफ इंजिन बांधून घेणं बरं. ब्लॉकला तडा असेल तरच जुन्या इंजिनाचा विचार करा. तेही चालू स्थितीत बघून, कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन आणि परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घेऊन.

गॅरेजमध्ये तुमचे हक्क

- कामाआधी लेखी अंदाज मागा. "उघडल्यावर बघू" म्हणत असतील तर उघडण्याची मजुरी वेगळी लिहून घ्या आणि पुढच्या कामाला फोनवर फोटो बघूनच होकार द्या.
- बदललेले जुने भाग परत घ्या. बिल घ्या, भागाची आणि कामाची हमी त्यावर लिहून घ्या.
- काम बिघडलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. काम चेन्नईत झालं म्हणून तारखांना चेन्नईला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.
- "व्यावसायिक गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं सांगून वाटेला लावतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली गाडी कायद्याने यातून वगळलेली नाही. दहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर मात्र वाद होऊ शकतो.

विम्याबद्दल एकच. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. अपघातात रेडिएटर फुटला तर तो येतो, पण तशीच गाडी चालवून इंजिन जाम केलंत तर त्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून गाडी ओढून न्या.

काम झाल्यावर परतीची वाट

हेडचं काम झालं की यंत्रणेत हवा अडकते. लगेच माल भरून निघू नका. निघालातच तर पहिला थांबा श्रीपेरुंबुदूरला, साधारण चाळीस किलोमीटरवर. इंजिन थंड होऊ द्या, कॅप काढून पातळी बघा. बोटभर उतरली असेल तर ती अडकलेली हवा निघाल्याची खूण. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण टाकून भरा. दुसरा थांबा वालाजापेटला. तिथेही पातळी उतरलेली दिसली तर वेल्लोरकडे पुढे जाऊ नका. पट्टीचा आणि रेडिएटरचा फोटो काढून गॅरेजवाल्याला पाठवा आणि बिल हातात घेऊन परत फिरा.